स्मोक्ड टर्की + स्लो कुकर : मदत हवी आहे (लवकर!)

सई_जर्सी
थँक्सगिव्हिंगनंतर स्वस्तात स्मोक्ड टर्कीचे पाय मिळाले. सकाळी स्लो कुकरमध्ये टाकून कामाला बसले. आता बघते तर मांस हाडाजवळ गुलाबी आणि रस्सा तोंडात धरवत नाही इतका खारट. कच्चं राहिलंय का? सहाला माणसं येणार आहेत. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

खवय्या७
पाकिटावर 'फुल्ली कुक्ड' होतं का? स्लो कुकर 'लो'वर (मंद) लावलाय की 'हाय'वर? सोबत काय घातलंय?

सई_जर्सी
पाकीट कचऱ्यात गेलं. लोवर.

मिनेसोटाकर
रंगावर जाऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (रंग देणाऱ्या प्रथिनाला) धरून बसतो, मांस टिकवायला मिठासोबत लावतात ते नायट्राइटही तेच करतं. मग कितीही शिजवा, गुलाबीच दिसणार. थर्मामीटर खुपसा, हाडाला टेकवू नका. १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) दिसलं की विषय संपला.

अन्नपूर्णाताई
दोन बटाटे सोड गं त्यात. मीठ ओढून घेतात.

मिनेसोटाकर
ताई, बटाटा नुसतं मीठ ओढत नाही, खारट पाणी ओढतो. उरलेला रस्सा तेवढाच खारट. अर्धा रस्सा काढून गरम पाणी घालणे, दुसरा उपाय नाही.

अन्नपूर्णाताई
आमच्याकडे लग्नाची आमटी बटाट्यावरच सावरली होती. तेव्हा थर्मामीटर नव्हते.

शिट्टीबहाद्दर
मुळात स्लो कुकर हवाय कशाला? प्रेशर कुकर काढा!

तूप_साखर
मी शाकाहारी, पण धुराचा वास आवडत असेल तर डाळीत वाटी ठेवून त्यात पेटता कोळसा, वर चमचाभर तूप, लगेच झाकण. टर्कीची गरजच नाही.

खवय्या७
सई, सोबत काय घातलंय ते राहिलंच.

सई_जर्सी
नेहमीचंच. कांदा, लसूण, टोमॅटो, राजमा. कॉलर्ड ग्रीन्स (पालेभाजी) नंतर घालणार.

खवय्या७
राजमा कॅनमधला की सुका?

सई_जर्सी
सुका, रात्री भिजवलेला. अजून टचटचीत आहे. त्याचा इथे काय संबंध?

मिनेसोटाकर
अहो, टर्की राहू दे, खरी भानगड हीच आहे! राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे विषारी प्रथिन असतं. लोवर नीट उकळी येत नाही, त्यामुळे ते नष्ट होत नाही. थोडे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब. एफडीए (अमेरिकेची अन्न-औषध संस्था) निदान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळून उकळायला सांगते. त्यात टोमॅटोच्या आंबटपणाने दाणा मऊ व्हायला आणखी वेळ लागतो. टर्कीचे पाय बाहेर काढा, राजमा उपसून साध्या पाण्यात वेगळा शिजवा. खारटपणाही कमी होईल.

शिट्टीबहाद्दर
म्हणजे प्रेशर कुकरच ना? मी काय म्हणत होतो!

अन्नपूर्णाताई
चवळी घालायची होती. राजमा कशाला?

सई_जर्सी
लावला कुकर. शिट्ट्या किती?

अन्नपूर्णाताई
चार.

शिट्टीबहाद्दर
चारने काय होतंय, सहा. नंतर मंद आचेवर दहा मिनिटं.

खवय्या७
कुकर शिट्टीचा आहे की विजेवरचा इन्स्टंट पॉट?