मुलं विरुद्ध मुली प्रश्नमंजूषा: उत्तर माझंच चुकलं, निकाल बदलू का?

माणदेशी_बाई

नमस्कार. मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. उद्या सोमवारी परिपाठाच्या आधी मला एक निर्णय घ्यायचा आहे, म्हणून आज रविवारी रात्री लिहायला बसले.

काल ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. शनिवारची सकाळची शाळा होती. भाषणं आटोपल्यावर मुलं विरुद्ध मुली अशी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घेतली. दरवर्षी घेते. चौघाचौघांचे दोन संघ, बाकीचे मागे बसून पाठिंबा द्यायला. थेट प्रश्नाला १० गुण, पास होऊन आलेल्याला ५. शेवटचा प्रश्न खुला, आधी वाजवेल त्याचा. बजर काही शाळेत नाही. मुलांना परिपाठाची पितळी घंटा दिली, मुलींना पोषण आहाराचं स्टीलचं ताट आणि पळी.

स्पर्धा छान रंगली होती. सावित्रीबाईंचं नायगाव कुठल्या तालुक्यात, हे मुलींनी पटकन सांगितलं (खंडाळा). कळसूबाईची उंची मी विचारलीसुद्धा नव्हती, नुसतं राज्यातलं सर्वांत उंच शिखर विचारलं होतं, तर एका मुलानं १६४६ मीटर जोडून दिलं. राज्यप्राण्याला मुली आधी "खार" म्हणाल्या, मग आपसांत कुजबुजून "शेकरू". शेवटचा प्रश्न राहिला तेव्हा मुली ७०, मुलं ६५.

प्रश्न होता: एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिलं द्विशतक कोणी केलं? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत घंटा वाजली. "सचिन तेंडुलकर!" मी ज्या पुस्तकातून प्रश्न काढला त्यातही तेच उत्तर होतं. दहा गुण दिले. ७५-७०. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

तेवढ्यात मुलींच्या संघात कडेला बसलेली एक जण उभी राहिली. पळी हातात तशीच वर धरलेली. म्हणाली, "बाई, गड्यांचं का बायांचं? ऑस्ट्रेलियाच्या एका बाईनं आधी केलंय. नाव ध्यानात येईना." मी म्हणाले, "प्रश्नात तसं काही विचारलेलं नाही. बस खाली." ती बसली. पळी ताटात ठेवताना तिनं जराही आवाज होऊ दिला नाही. तो न झालेला आवाज कालपासून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी घरी शोधून बघितलं. बेलिंडा क्लार्क, १९९७. सचिनच्या आधी बारा वर्षं. मी प्रश्नात "पुरुषांच्या" असं म्हटलंच नव्हतं, म्हणजे मी बरोबर धरलेलं उत्तर सरळसरळ चूक होतं. फिरती ढाल मुलांच्या बाजूच्या भिंतीला लागलीसुद्धा. चौघांना पेनं दिली.

आता मला सांगा, निकाल बदलायचा का? त्या मुलीनंही नाव सांगितलं नव्हतं, मग गुण कुणाला? आणि २६ जानेवारीला पुन्हा अशीच स्पर्धा घ्यायची आहे, तर प्रश्न कसे काढू म्हणजे असं होणार नाही?

---

कराडचे_निवृत्त_गुरुजी

बाई, आधी नियमाचं बोलू. आमच्या वेळी केंद्रस्तरावरच्या स्पर्धांना एक पद्धत होती: प्रश्नात किंवा उत्तरपत्रिकेत दोष निघाला तर तो प्रश्न रद्द, गुण कुणालाच नाहीत. त्या मुलीला नाव आलं नाही, म्हणून तिलाही दहा देऊ नका; तिनं ते मागितलेलेही नाहीत. प्रश्न रद्द केला की ७०-६५, मुली जिंकल्या. ढाल हलवा. पेनं मात्र परत घेऊ नका, पोरांनी तुम्ही विचारलं त्याचं उत्तर दिलं, त्यांचा काय दोष?

प्रश्न काढण्याबद्दल सांगतो. "पहिला" हा शब्द आला की पेन थांबवायचं. मी स्वतः वर्षानुवर्षं विचारत आलो, "ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?" आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कुस्तीत कांस्य. छाती फुगवून सांगायचो. एका वर्षी एक पोरगा उठला नि म्हणाला, गुरुजी, १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड भारताकडून धावला, त्याला दोन रौप्यपदकं आहेत. तेव्हापासून "स्वतंत्र भारताला" हे दोन शब्द घातल्याशिवाय मी तो प्रश्न कधी वाचला नाही. खाशाबांचं मोठेपण त्यानं तसूभरही कमी होत नाही, प्रश्न तेवढा खरा होतो.

दुसरं म्हणजे पुस्तकाचं साल बघा. जुन्या पुस्तकांत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला, आता ३६.

आणि एक राहिलं. पितळी घंटा नुसती मनगट हलवलं की वाजते, पळी उचलून ताटावर हाणावी लागते. पुढच्या वेळी अर्ध्यावर अदलाबदल करा.

---

अभ्यासिका_पुणे

मुलं विरुद्ध मुली कशासाठी पण? रांगेप्रमाणे मिश्र संघ करा, भांडणाचं मूळच राहणार नाही. बाकी गुरुजींशी सहमत.

---

माणदेशी_बाई

गुरुजी, घंटेचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. अदलाबदल नक्की करते.

मिश्र संघाबद्दल. तीन वर्षांपूर्वी मी तसेच संघ केले होते. दोन मुलं, दोन मुली. झालं असं की घंटा प्रत्येक संघात आपोआप मुलाच्या हातात गेली. मुलगी त्याच्या कानात उत्तर सांगायची आणि तो मोठ्यानं बोलायचा. मी गुणफलकाजवळ उभी होते, मला सगळं दिसत होतं. एका मुलीनं अशी चार उत्तरं कानात सांगितली आणि टाळ्या चारही वेळा दुसऱ्यालाच. मुलींचा वेगळा संघ केला की कुणालातरी बोलावंच लागतं. पहिल्या फेरीत एकमेकींना कोपरानं ढोसतात, "तू सांग, तू सांग", तिसऱ्या फेरीपर्यंत पळी ओढून घेतात. मला ती पळीची ओढाओढ बघायची असते. कायम वेगळे ठेवावेत असं माझं म्हणणं नाही. आठवीला तालुक्याच्या शाळेत जाण्याआधी एकदा तरी प्रत्येकीनं भर वर्गात मोठ्यानं उत्तर द्यावं, एवढंच.

म्हणूनच तर काल मी "बस खाली" म्हणाले ते मला जास्त लागलंय. बोलायला शिकवायचं म्हणून स्पर्धा घेतली आणि बोलली तिलाच बसवलं.

---

गुणलेखिका_वांद्रे

बाई, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी मुंबईत क्लबच्या सामन्यांना गुण लिहिते, हा सामना माझ्या जिव्हाळ्याचा.

तो ऑस्ट्रेलियात नव्हे, आपल्या मुंबईत झालाय. १६ डिसेंबर १९९७, वांद्रे पूर्वेचं एमआयजीचं मैदान, महिला विश्वचषक, ऑस्ट्रेलिया विरुद्ध डेन्मार्क. कर्णधार बेलिंडा क्लार्क सलामीला आली आणि १५५ चेंडूंत नाबाद २२९. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२, डेन्मार्क सर्वबाद ४९. मी त्याच भागात लहानाची मोठी झाले. त्या मैदानावरून किती वेळा गेले असेन, पण इथे काय घडलंय ते मला पंचविशी ओलांडल्यावर कळलं. सचिनचं ग्वाल्हेरचं नाबाद २००, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, २४ फेब्रुवारी २०१०. पुरुषांच्या क्रिकेटमधलं पहिलं, आणि त्या खेळीवर माझंही तितकंच प्रेम आहे. दोन्ही विचारा, पण दोन वेगळे प्रश्न करून.

२६ जानेवारीसाठी एक प्रश्न देते. क्रिकेटचा पहिला विश्वचषक कधी झाला? सगळे १९७५ म्हणतील. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ सालीच इंग्लंडमध्ये झाला होता, आणि यजमानांनीच तो जिंकला. पुरुषांचा दोन वर्षांनी. तुमच्या मुलींना २ नोव्हेंबर २०२५ ची नवी मुंबई तर पाठ असेल, हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं ती. त्याच्या शेजारी १९७३ ठेवा.

---

सातारकर_बाबा

माझी लेक सहावीत आहे, म्हणून थोडं लिहितो. प्रश्न आपल्या मातीतले घ्या, पोरं पेटून उठतात. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक कोण? सुरेखा यादव, आपल्या साताऱ्याच्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत त्यांनी नेली. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी कोणी गाठली? ललिता बाबर, मोही, तालुका माण. बाई, तुमच्याच तालुक्यातल्या! मुलांच्या बाजूनं खाशाबा आहेतच, आणि कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिस २०२४, नेमबाजीत कांस्य.

एक कळकळीची विनंती: मुलींना नुसते बायकांवरचे आणि मुलांना नुसते पुरुषांवरचे प्रश्न देऊ नका. खाशाबांचा प्रश्न मुलींना पडू दे, ललिताताईंचा मुलांना. माझ्या लेकीच्या शाळेत उलटं झालं होतं, मुलींना पाककृती आणि सणांचे प्रश्न, मुलांना विज्ञान. लेक घरी येऊन मला म्हणाली, "बाबा, मला लोणार सरोवराचं येत होतं, पण ते आलंच नाही माझ्याकडं." उल्का आदळून झालेलं सरोवर, बुलढाणा जिल्हा, हे तिनं रात्री जेवताना मला सांगितलं.

---

माणदेशी_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते सांगते.

परिपाठात दिनविशेष वाचून झाल्यावर मी सगळ्या वर्गांसमोर सांगितलं की शनिवारी मी चुकीचं उत्तर बरोबर धरलं आणि बरोबर सांगणारीला खाली बसवलं. तिचं नाव घेऊन सांगितलं. ती तिसऱ्या रांगेत होती, मान खाली घालून वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. प्रश्न रद्द, मुली ७०, मुलं ६५, हे जाहीर केलं.

मुलांना पटलं असं नाही म्हणणार. त्यांचा कर्णधार वर्गात म्हणाला, "बाई, पण तुम्ही विचारलंत तेव्हा आम्हीच आधी वाजवली." ते खरंच होतं, मी तसं मान्य केलं. ढाल त्यानं स्वतः काढून दिली, पण मधल्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याचाही राग मला कळतो.

मग तिला विचारलं, तुला हे कळलं कुठून? दप्तरातून वही काढली. नोव्हेंबरपासूनची कात्रणं, भाताची शितं लावून चिकटवलेली, पानं फुगलेली. स्मृती मानधनाची चार. त्यांत एका लहान चौकटीत, दोन बोटं रुंदीची, बेलिंडा क्लार्कची माहिती. नावावरच शित सुकून कागद फाटला होता, म्हणून तिला नाव आठवेना. गुणलेखिकाताई, तुमचे आकडे मी फळ्यावर लिहिले, तिनं ते वहीत त्या फाटक्या जागेशेजारी उतरवून घेतले.

४९ वर सर्वबाद लिहिलं तेव्हा कर्णधार पहिल्यांदा बोलला. "बाई, डेन्मार्क कुठं आलं?" जगाचा नकाशा मागच्या भिंतीवर आहे. तो आणि ती कात्रणवाली, दोघं आफ्रिकेपासून शोधत वर गेले. तिला आधी सापडलं.