चौकडीचा चेक, बँकेचा चेक आणि तपासण्याचा चेक: शब्द एकच की तीन?

प्रश्न: पूर्व भागातील एक पालक

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे आणि सासरे यंत्रमागावर होते, त्यामुळे चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणणे घरातल्या लहानांच्याही तोंडी आहे. दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने परवा विचारले की, वडील बँकेत भरतात तो चेक, शिक्षिका वह्या ‘चेक’ करतात तो चेक आणि आजोबांच्या कापडावरचा चेक हा एकच शब्द आहे, की तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले? बँकेच्या चेकच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ येते, हे पाहून तिचा गोंधळ वाढला आहे. ‘तपासणे’ हाच मूळ अर्थ असावा असे मला वाटते, पण त्याचा कापडाशी काय संबंध, हे मला तिला सांगता आले नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर: निवृत्त इंग्रजी शिक्षक, जुळे सोलापूर

ताई, तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. मात्र ‘तपासणे’ हा त्यांतला मूळ अर्थ नसून बराच नंतरचा आहे. मूळ शब्द फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. आपल्याकडचे चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाले, अरबांकडे ‘शतरंज’ झाले आणि तेथून युरोपात गेले. त्या प्रवासात राजावर चाल आली की उच्चारायचा ‘शाह’ हा शब्दही खेळाबरोबर गेला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत ‘चेक’. मराठीत आपण ‘शह देणे’ म्हणतो, तो शह हाच. म्हणजे इंग्रजीतला चेक आणि मराठीतला शह ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत, आणि मुलीला समजावताना येथूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

शह बसला की खेळाडूला आपला बेत थांबवून आधी राजाला वाचवावे लागते. त्यावरून ‘चेक’ला अडवणे, आवर घालणे असा अर्थ आला आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सत्तेवरील अंकुशाला ‘चेक’ म्हणतात तो याच अर्थाने. चूक किंवा लबाडी अडवायची तर ती आधी शोधावी लागते, म्हणून पुढे पडताळणी हा अर्थ रुजला. वही तपासणे, चेकनाका, दवाखान्यातले चेकअप ही सगळी त्याचीच संतती आहे.

कापडाची वाट निराळी आहे. ज्या पटावर हा खेळ मांडत, त्याचे फ्रेंच नाव याच शब्दावरून पडले आणि पटासारख्या चौकटी ज्यावर दिसतात त्या कापडाला इंग्रजीत ‘चेकर’ व पुढे ‘चेक’ म्हणू लागले. ‘चेस’ हे खेळाचे नावही ‘एशेक’च्या अनेकवचनातून आलेले आहे.

उत्तर: यंत्रमागाच्या कामातला एक जण

सरांनी पटाचे सांगितले, त्यात कापडाच्या बाजूने एक भर घालतो. ताण्याचे, म्हणजे उभे धागे रंगांच्या क्रमाने लावले आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, एकाच रंगाचा ठेवला, तर कापडावर नुसते पट्टे येतात. आडव्या धाग्यातही रंग ठरावीक अंतराने बदलला तरच चौकडी उमटते आणि त्यासाठी साध्या मागावर एकाहून अधिक धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने, लागतात. बुद्धिबळाच्या पटावर दोनच रंग असतात, पण दोन रंगांच्या साध्या विणीच्या चौकडीत तीन छटा दिसतात, कारण गडद धाग्यावर फिका धागा आडवा जातो तेथे मधली छटा तयार होते. नाव पटावरून आले असले, तरी कापड पटाची हुबेहूब नक्कल नाही, हे मुलीला आजोबांचे कापड हातात देऊन दाखवता येईल. आपली सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रणेवर, विणली जाते, म्हणून तिच्यावर नुसती चौकडी नसते, फुला-वेलींची नक्षीही काढता येते.

उत्तर: बँकेतून निवृत्त

‘क्यू-यू-ई’चा उलगडा इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात आहे. बाराव्या शतकात तेथे परगण्यांच्या अधिकाऱ्यांचा हिशेब सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर होत असे. मेजावर रेघांचे कापड अंथरलेले असे आणि पेनी, शिलिंग, पौंड यांच्या रकान्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी केली जाई, कारण रोमन अंकांत ती करणे फार अवघड होते. ते कापड पटासारखे दिसे, म्हणून खजिन्याच्या त्या कचेरीला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले; ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात हा शब्द आजही आहे.

बँकेचा चेक थेट त्या कचेरीतून आला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते मात्र बरोबर नाही. अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणजे बनावट कागद ओळखता यावा म्हणून मागे ठेवलेली स्थळप्रत (काउंटरफॉइल). हा अर्थ पडताळणीचाच आहे. पुढे तो शब्द पैसे देण्याच्या आदेशालाच लागला आणि ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने त्याचे लेखन बदलले. अमेरिकेत साधे ‘सी-के’च राहिले. आपल्याकडे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ६ मध्ये चेकची व्याख्या आहे आणि तेथे ‘क्यू-यू-ई’ असेच लेखन आहे, म्हणून मुलीने परीक्षेत तेच लिहावे.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी आता विचारते आहे की, ‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे सोबती का?

उत्तर: निवृत्त इंग्रजी शिक्षक, जुळे सोलापूर

नाही. तो ‘शाह मात’मधला ‘मात’ आहे. अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ अनेक जण देतात. परंतु फारसीत त्याचा अर्थ हतबल झालेला असा आहे आणि पटावर राजाला कधीच मारले जात नाही, त्यामुळे मला तो अधिक पटतो. मराठीत ‘मात करणे’ म्हणतो, तेथेही समोरच्याला निरुत्तर करणे हाच भाव आहे. तिला आपला ‘काटशह’ही सांगा: शहाला उलट शह. इंग्रजी बुद्धिबळात त्याला ‘क्रॉस-चेक’ म्हणतात. कचेरीतला पडताळणीचा ‘क्रॉस-चेक’ मात्र त्यावरून आला असे तिने समजू नये, तो तपासण्याच्या अर्थातून स्वतंत्रपणे तयार झाला आहे.