मदत हवी आहे: चवथीपूर्वी घरच्या पडवीत गाडीला स्प्रे मारता येईल का?

पडवीतला_कारागीर

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ राहतो. घरात २००९ ची सिल्व्हर वॅगनआर आहे, सेकंडहँड घेतलेली. टपावरचा आणि बॉनेटवरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) सुटतोय. नखाने उचलला की पापुद्रा हातात येतो आणि खालच्या सिल्व्हरची पूड बोटाला लागते. डाव्या दाराची खालची कड आणि मागच्या चाकावरची कमान गंजली आहे, पण आरपार भोक कुठेच नाही.

गॅरेजमध्ये विचारलं तर आज गाडी विकून जेवढे मिळतील त्याच्या जवळपास निम्मे पैसे सांगितले. इंजिन ठणठणीत आहे, गाडी विकायची नाही, पण रंगावर एवढा खर्च पटत नाही.

भावाकडे फर्निचर पॉलिशसाठी घेतलेला १ एचपीचा, २५ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. पडवी तीन बाजूंनी बंद, वर कौलं. स्प्रे गन वापरू की बाजारातले स्प्रे कॅन आणू? गंजावर हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड चालेल का? आणि मुख्य म्हणजे पाऊस चालू असताना हे करावं का? आईचं म्हणणं, चवथीला पाहुणे यायच्या आत गाडी नीट दिसली पाहिजे.

डिचोलीकर

पावसात कॅनचा लॅकर (थिनर उडून सुकणारा रंग) मारलात तर पांढरट धुकं येणार हे धरूनच चाला. थिनर भराभर उडतो तेव्हा पत्रा आणखी गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या रंगात अडकते. आपल्याकडे जुलैत पापड दुपारीसुद्धा मऊ पडतात, तिथे रंगाचं काय घेऊन बसलात! स्लो थिनर वापरून थोडं सावरता येतं, पण कॅनमध्ये थिनर आधीच भरलेला असतो, तो बदलता येत नाही.

गनवाला_म्हापसा

बाब, हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चिंधी थिनरमध्ये बुडवून जुन्या रंगावर घासा. रंग विरघळून चिंधीला आला तर कोणीतरी मध्ये साधा लॅकर मारलेला आहे. त्यावर नवीन थिनरचा रंग गेला की सुरकुत्या पडायची भीती. काहीच आलं नाही तर तो कंपनीचा नाहीतर हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) रंग, त्यावर बिनधास्त काम करा.

रेड ऑक्साइड ग्रिलला लावा, गाडीला नको. तो तेली असतो, वर लॅकर पडला की उचलतो. गंज ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा, बारीक खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं द्रावण) लावा आणि त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) दोन्ही पाणी पितात. लांबीवर पाणी-पेपर तर कधीच मारू नका, सुकाच मारा. आत राहिलेलं पाणी उन्हाळ्यात फोड होऊन वर येतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं रंग खराब होता.

क्लिअर नखाने ओढत बसू नका. जिथे तो अजून घट्ट आहे त्या कडेपर्यंत पेपर न्या, आणि कड इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी अडकणार नाही. नाहीतर नवीन रंगाखाली जुन्या क्लिअरचा नकाशा दिसतो. लांबीवर १८० ते २२०, प्रायमरवर ४००, रंगाआधी ६०० ते ८००.

आता कॉम्प्रेसर. मोठ्या गनला हवा खूप लागते, तुमची टाकी अर्ध्या पॅनेलवरच धापा टाकेल. दाराची कड, कमान ही कामं १ एमएम नोझलच्या मिनी गनने होतात. मध्ये वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) लावा आणि टाकीतलं पाणी रोज सोडा. टप मात्र या सेटअपवर होणार नाही. एवढ्या रुंद पत्र्यावर शेवटची पट्टी मारेपर्यंत पहिली सुकते, आणि सिल्व्हरमध्ये पट्टे उमटतात. मेटॅलिकमध्ये चुकीला माफी नाही, पांढरी गाडी असती तर एवढं म्हटलं नसतं.

रंग नुसत्या कंपनीच्या कलर कोडवरून बनवू नका. पेट्रोलचं बाहेरचं झाकण काढून मिक्सिंगवाल्याकडे न्या. इतकी वर्षं ऊन खाल्लेला सिल्व्हर कोडशी जुळत नाही.

कुंकळ्ळी_ताई

बाकीचं भाऊंनी सांगितलंच आहे. हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट (फुप्फुसांना घातक रसायन) असतं, त्याला कापडी मास्क चालत नाही. कार्बन फिल्टरवालाही पुरेसा धरू नका. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि न्हाणीची चूल पडवीच्या त्या टोकाला असेल तर त्या दिवशी पेटवू नका. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत चुलीपर्यंत जाते.

रॅपप्रेमी

टपाला काळं विनाइल (स्टिकरसारखी फिल्म) चिकटवा, विषय संपला.

गनवाला_म्हापसा

सुटलेल्या क्लिअरवर चिकटवलं तर विनाइल क्लिअरला घेऊनच उचलेल. घासकाम करावंच लागतं. आणि रंग आरसीवर लिहिलेला असतो. तोच सिल्व्हर ठेवलात तर प्रश्न नाही, अख्ख्या गाडीचा बदललात तर आरटीओत कळवून नोंद करून घ्यावी लागते.

पडवीतला_कारागीर

सगळ्यांचे आभार. थिनरची चिंधी मारून पाहिली. टपावर काही आलं नाही, पण डाव्या दारावर सिल्व्हर चक्क चिंधीला आला. म्हणजे आधीच्या मालकाने दार रंगवलेलं दिसतंय! ताई, चूल त्याच बाजूला आहे, त्यामुळे क्लिअर मी घरी मारणारच नाही. आता एवढंच विचारतो: गंजाचं काम आत्ता उरकून रंग पाऊस संपल्यावर केला तर चालेल? दाराचं काय करू?

गनवाला_म्हापसा

दाराचा तो लॅकर पूर्ण घासून काढा, त्याच्यावर काही चढवू नका. इपॉक्सी उघडीपीच्या दिवशी, पत्रा हेअर ड्रायरने कोमट करून मारा. तेवढ्यावर गाडी पावसात फिरवलीत तरी चालेल, फक्त पुढच्या हाताआधी ४०० चा पेपर पुन्हा मारावा लागेल. टप आणि बॉनेटचं घासकाम दिवाळीनंतर घरी करा, आणि रंग व क्लिअर मारण्यापुरती गाडी बूथवाल्याकडे (रंगाची बंद खोली असलेल्या गॅरेजकडे) न्या. खरी मजुरी घासण्यातच जाते, ती तुमची वाचेल. आईंना सांगा, चवथीला गाडीवर ठिगळं असली म्हणून गणपती वाटेतून परत जात नाही.

पडवीतला_कारागीर

आईला वाचून दाखवलं. म्हणते, पाहुण्यांचं काय ते सांगा. इपॉक्सी राखाडी घेऊ की काळा?

डिचोलीकर

सिल्व्हरखाली राखाडी.