हुवेंतिनो रोसासला ‘मेक्सिकोचा स्ट्रॉस’ का म्हणायचं?

काळी_पाच (धागाकर्ता):
सर्कशीत झोपाळ्यांवरच्या कसरतींना हमखास वाजणारा तो वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्यातलं युरोपीय नृत्यसंगीत) कुणाचा, असं विचारलं की बरेच जण बेधडक व्हिएन्नाचा वॉल्ट्झकार स्ट्रॉस याचं नाव घेतात. तो आहे हुवेंतिनो रोसासचा, ‘सोब्रे लास ओलास’, म्हणजे ‘लाटांवर’, १८८८ साली छापलेला. मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातल्या ओतोमी आदिवासी घरातला हा पोरगा वडिलांबरोबर मेक्सिको शहरात रस्त्यावर व्हायोलिन वाजवत वाढला आणि २६व्या वर्षी गेला. कौतुक म्हणून का होईना, त्याला दुसऱ्याच्या नावाने ओळखणं मला पटत नाही. हे संगीत मेक्सिकोचं आहे.

तानपुरा_जोडी:
असहमत. संथ प्रस्तावना, मग एकामागून एक चाली, तीन मात्रांतली पहिली जोरकस, पुढच्या दोन हलक्या. सगळा साचा व्हिएन्नाचा. मेक्सिकोचा तेव्हाचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियास याच्या राजवटीत बड्या घरांना युरोपचं वेड होतं आणि रोसास त्यांच्यासाठीच लिहीत होता. ‘कारमेन’ हा वॉल्ट्झ तर त्याने दियासच्या बायकोलाच अर्पण केला! ओतोमी असं त्यात ऐकू काय येतं?

काळी_पाच:
मग पोलंडच्या शोपँचे वॉल्ट्झही व्हिएन्नाच्या खात्यावर टाका की! आदिवासी घरात जन्मला म्हणून त्याने आदिवासी सूरच लावायचे, ही अट युरोपातल्या कुणाला आपण कधी घालतो का? आणि ही चाल आजही मेक्सिकोत मारियाची, म्हणजे तिथले लोकसंगीताचे ताफे, वाजवतात. लोकांनी ती केव्हाच आपली केली आहे.

उत्तररात्र:
नावाचं भांडण चालू द्या, मला पैशांचा राग येतो. वाग्नर आणि लेव्हिएन या प्रकाशकांना त्याने या चालीचे हक्क ४५ पेसोंना विकले, असं सांगितलं जातं. चाल जगभर गेली, हा मात्र पोटासाठी गावोगाव वाजवत फिरला. १८९३ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाजवलं, पुढच्याच वर्षी क्युबाच्या दौऱ्यात आजारी पडून तिथल्याच बाताबानो गावी वारला. अस्थी मायदेशी यायला १९०९ उजाडलं.

तानपुरा_जोडी:
हळहळ मलाही वाटते. पण एकरकमी हक्कविक्री तेव्हा सर्रास चालायची. प्रकाशकाने छापून देशोदेशी पोचवलं नसतं तर आज आपण त्याच्यावर भांडलो असतो का?

उत्तररात्र:
रिवाज होता म्हणून न्याय होता, असं कसं? चाल खपतेय हे दिसल्यावर त्याला पुन्हा बोलावून चार पैसे द्यायला कोणत्या रिवाजाने अडवलं होतं?