परदेशातलं रान आणि तिथली गावं: तुमचे अनुभव सांगा

ओटीवरची
माळा आवरताना आज लाल पट्ट्यांची हातविणीची पिशवी सापडली आणि काम तिथंच राहिलं. थायलंडमधल्या डोई इन्थनॉनहून आणलेली. ते थायलंडचं सर्वांत उंच शिखर, २५६५ मीटर. वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे मनात राहिलंय ते खालचं रान. फा डोक सिएवच्या पायवाटेला गावातलाच वाटाड्या घ्यावा लागतो. आमच्याबरोबर पन्नाशीचे एक करेन (तिथली डोंगरी जमात) काका होते. भाषेची अडचण, तरी दर वळणावर थांबून लेकीला कोळ्याचं जाळं, कुठलीशी शेंग, काही ना काही दाखवायचे. धबधबा, मग भाताची खाचरं, आणि पलीकडे मे क्लांग लुआंग गाव. ऑक्टोबरअखेर, भात पिवळं झालेलं.

खांबांवरच्या घरात बसवून त्यांनी आपल्याच झाडांची कॉफी पाजली. खाली अंगणात आजी भात सडत होत्या. लांब लाकडी दांडा, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय देत राहायचं. धप्प, धप्प. मला आमच्या घरचं व्हायन, म्हणजे जमिनीत बसवलेलं उखळ, आठवलं. माझी आजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी जवळ गेले तर आजींनी माझं मनगट धरलं आणि पाय कधी दाबायचा, कधी सोडायचा ते त्या पकडीतूनच सांगितलं. मग सूप हातात दिलं. पाखडणं मात्र मला येत होतं. कोंडा उडाला, तांदूळ सुपात राहिला आणि आजी "आ!" म्हणून एवढ्या खूश झाल्या की मला रडूच आलं.

तुमच्याही अशा आठवणी असतील तर लिहा ना.

मनस्विनी
वाचून गलबलले गं. पिशवीचा फोटो टाक. कमरेला पट्टा बांधून विणतात ना? मी चिआंग माईजवळ पाहिलंय. ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं बाईच्या कमरेला. ती मागे रेलली की धागे ताठ. पांढरा पायघोळ झगा म्हणजे लग्न व्हायचंय. लग्न झालं की चोळी वेगळी, लुंगी वेगळी. चोळीवर पांढऱ्या बियांचं भरतकाम असतं, फार देखणं. कुकर लावलाय, नंतर येते.

नाशिककर भटक्या
सापा, व्हिएतनाम. लाओ चायहून ता वानला चाललो होतो, पाऊस, लाल चिखल. आई बरोबर, वय ६३. एक ह्मोंग बाई पाठीवर टोपली घेऊन आमच्यासोबत चालायला लागली. उतार आला की आईचा हात धरायची. तिचे तळवे निळे! नीळ लावून कापड रंगवतात, तो रंग हातावरून जातच नाही. आईच्या हातालाही निळसर डाग पडला. ता वानला पोचल्यावर तिनं टोपलीतून पाकिटं काढली. मी घाईत नको म्हणालो. आईनं दोन घेतली आणि मला म्हणाली, "अरे, तीन तास तिनं मला सांभाळलं." अजून टोचतं ते.

रेवा
जळवा होत्या का कुणाला? आम्ही पुढच्या महिन्यात जातोय, मुलगा घाबरतोय.

आंबोलीवाला
@रेवा, काही नाही होत. ओढून काढू नका. नखानं तोंडाकडची बाजू सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ येत राहतं कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. धुवा, दाबून धरा. लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची. आमच्या आंबोलीत पावसाळ्यात रोजचंच आहे.

दीपा१२
शाकाहारींसाठी लिहिते. थायलंडमध्ये "जे" म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की बिनघोर जेवा, मासळीचं पाणीसुद्धा नसतं. "भाजी द्या" एवढंच म्हटलं तर ते हमखास असतं.

सुनंदा काकू
बुकित लावांग, सुमात्रा. ह्यांच्याबरोबरचा माझा शेवटचा प्रवास. गुनुंग लेउसरचं रान. वर पाहिलं तर ओरांगउटानची आई, पोटाशी पिल्लू. एक हात फांदीला, एक पिल्लाला, निवांत फळ खात होती. वाटाड्यानं लांबच थांबवलं, पिशवीतलं खाणं बाहेर काढू दिलं नाही. आपले आजार त्यांना लागतात म्हणे. हे अर्धा तास मान वर करून उभे होते. त्यांना मानेचा त्रास होता, मी दोनदा म्हटलं बसा, ऐकलं नाही.
संध्याकाळी जिथं राहिलो त्या बाईंनी २००३ च्या पुराचं सांगितलं. नदीनं रात्रीत गाव नेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. बाई सांगत होत्या आणि एकीकडे आम्हाला भात वाढत होत्या. ह्यांनी कधी नव्हे तो दोनदा मागून घेतला.

ओटीवरची
काकू, ❤️ लिहिलंत ते बरं केलंत.

आंबोलीवाला
काकू, काळजी घ्या.

विक्रम_ठाणे
एक मनातलं बोलतो. थायलंडमध्ये आमच्या टूरवाल्यानं "गाव दाखवतो" म्हणून तिकिटाच्या फाटकातून नेलं. आत गळ्यात पितळी कडी घातलेल्या कायान बायका ओळीनं बसलेल्या. म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेली ही माणसं. कड्यांनी मान लांब होत नाही, खांद्याची हाडं खाली दबतात, हेही तिथंच कळलं. सगळे फोटो काढत होते. बायकोनं फोन पर्समध्ये ठेवला, एका बाईशेजारी बसून तिच्या बाळाला खेळवलं. मी तर सरळ बाहेर आलो. जाणार असाल तर आधी नीट विचारा की कुठं नेणार, पैसे गावाला मिळतात का.

मनस्विनी
विक्रम, शंभर टक्के. वाटाड्या गावातलाच हवा, हे ओटीवरचीच्या काकांवरूनच दिसतं. अगं, ती कॉफी इथं मिळते का कुठं? ह्यांना आवडेल.

ओटीवरची
इथं नाही पाहिली. तिथल्या डोंगरांत पूर्वी अफू पिकायची, १९६९ पासून राजाच्या प्रकल्पानं कॉफी, भाज्या, फळं लावायला दिली. काका त्यांच्या झाडांना हात लावून लावून दाखवत होते. पाव किलो आणली होती, डबा अजून आहे, त्यात मोहरी ठेवते.

रेवा
आंबोलीवाला, धन्यवाद! मुलाला वाचून दाखवलं. आता विचारतोय, जळू दिसली तर बाटलीत भरून आणू का 😄

नाशिककर भटक्या
आणू नको म्हणावं! आईला आत्ता हा धागा वाचून दाखवला. उठून आतून ते पाकीट घेऊन आली, औषधाच्या चिठ्ठ्या त्यातच ठेवते.