सेलीन बुतिए हिची कारकीर्द : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (फोंडा): दक्षिण गोव्यात गोल्फ शिकणाऱ्या माझ्या भाचीला सेलीन बुतिए या फ्रेंच खेळाडूविषयी फार कुतूहल आहे. तिला कोणता टप्पा आधी सांगावा?

उत्तर (मडगाव): 2023 चाच. जुलैअखेर एव्हियाँ स्पर्धा सहा फटक्यांच्या फरकाने जिंकून, मायदेशातील या प्रमुख स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली फ्रेंच खेळाडू ठरली, आणि पुढच्याच आठवड्यात तिने स्कॉटिश ओपनही जिंकली.

उत्तर (म्हापसा): ताई, मलेशियातील क्वालालंपूरची स्पर्धा विसरू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे थायलंडच्या अथाया थितिकुलशी झालेली बरोबरी सुटेना, म्हणून तब्बल नऊ जादा होल खेळावे लागले आणि अखेर सेलीन जिंकली. त्यातला तिचा संयम मला एव्हियाँच्या विजयापेक्षाही मोलाचा वाटतो.

उत्तर (पेडणे): तिच्याआधी, 2003 मध्ये, पात्रिसिया मुनिए-लबूक हिने क्राफ्ट नॅबिस्को ही प्रमुख स्पर्धा जिंकली होती, तेही अवश्य सांगा.