मदत हवी आहे: वहिनीचं डोकं दुखायचं थांबत नाही, इस्पितळात आत्ताच हलवू की सकाळी?

सत्तरीकरीण: वहिनी गरोदर आहे. कालपासून डोकं ठणकतंय, गोळीनेही उतरत नाही. पायांना चप्पल चढत नाही एवढी सूज. आई म्हणते, दिवस भरत आले की सूज येतेच, गणपतीची चवथ झाली की दाखवू. दादा बोटीवर, फोन लागत नाही. लवकर सांगा.

मोगरा: कितवा महिना? बीपी किती?

सत्तरीकरीण: आठवा. बीपी घरी कशाने मोजू? मागच्या तपासणीला ‘थोडं जास्त आहे’ म्हणाले होते.

बाबू साखळी: मीठ बंद करा, बार्लीचं पाणी द्या. आमच्या हिची सूज त्यानेच उतरली.

मोगरा: बाबू, मीठ तोडून गरोदरपणातलं बीपी उतरत नाही. डोकं दुखतंय हे वाचलंत का?

जुनी सिस्टर: डोळ्यांपुढे चमकतं का? उजव्या बरगडीखाली दुखतं? तोंड, हात सुजलेत? बाळ हलतंय ना?

सत्तरीकरीण: बाळ हलतंय. अंगठी बोटात रुतून बसलीय. मघाशी म्हणाली, कॅलेंडरवरचे आकडे धूसर दिसतात, मधेच चमकतं.

जुनी सिस्टर: मग सकाळ नाही, आत्ता. १०८ लाव. सांग, आठवा महिना, डोकेदुखी, नजर धूसर, आधी बीपी जास्त होतं. ही प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून होणाऱ्या आजाराची लक्षणं वाटतात. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं की संशय घेतात, १६०/११० म्हणजे तातडीचं. पुढची पायरी झटके. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते इस्पितळातच.

पेडणेकर: चवथीच्या गर्दीत रुग्णवाहिका कधी येणार? स्वतःची गाडी काढून सरळ बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठा.

जुनी सिस्टर: गाडीत झटका आला तर सांभाळणार कोण? आधी वाळपईचं इस्पितळ की थेट बांबोळी, ते १०८ वाल्यांना ठरवू दे.

नमिता_म्हापसा: हल्ली सगळीकडे सिझरच करतात. नॉर्मलसाठी शेवटच्या महिन्यात चालायला लावा.

मोगरा: नमिता, इथे चालायला लावू नका कुणी! आणि या आजारात बाळ आणि वार बाहेर आल्यावरच सुटका होते. कधी, कसं, ते डॉक्टर बीपी आणि बाळ बघून ठरवतील.

सत्तरीकरीण: लावला. निघालेत. आई अजून म्हणते, गणपतीवर टांगायची माटोळी बांधायची राहिलीय. काय घेऊ बरोबर?

जुनी सिस्टर: तपासणीची फाईल आणि चालू गोळ्या. बाळाचे कपडे मागून येतील. तिला डाव्या कुशीवर निजव. झटका आलाच तर तोंडात चमचा, बोट काही घालू नकोस, कुशीवरच ठेव. आईला सांग, माटोळी शेजारचे बांधतील. आणि बाळंत झाल्यावरही ६ आठवडे बीपीवर लक्ष ठेवा, तेव्हाही झटके येऊ शकतात.

बाबू साखळी: सिस्टर, आमच्या हिचं तेव्हा बीपी मोजलंच नव्हतं. आता दुसऱ्या खेपेचा तिसरा महिना. काही करायचं का?

जुनी सिस्टर: या आठवड्यात बीपी आणि लघवी तपासून घ्या. मागच्या खेपेची सूज सांगा, कमी मात्रेची ॲस्पिरिन हवी का विचारा. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात. मनाने देऊ नका. बाकीचं नव्या धाग्यात लिहा, हा त्या पोरीसाठी मोकळा ठेवा.